खुर्चीवरून खाली

अपघातानंतर मी रडले नाही, याचं घरच्यांना फार कौतुक होतं. पन्हाळ्याच्या रस्त्यावर स्कूटर घसरली, मणक्याला मार बसला आणि कमरेखालची जाणीव गेली. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आई तोंडात पदर कोंबून रडत होती आणि मी छताच्या पंख्याकडं बघत होते. त्याच्या एका पात्यावर धूळ जास्त होती. ‘पोरगी धीराची हाय,’ असं पाहुणे एकमेकांना सांगायचे. धीर कसला डोंबलाचा. पाय बधिर झाले तशी बाकीचीही मी बधिर झाले होते, एवढंच. कुणी गोड बोललं काय, टाकून बोललं काय, मला सारखंच.

आमच्या घरी अजून जमिनीवर बसून जेवतात. सगळे खाली, आणि मी चाकाच्या खुर्चीत, वरून त्यांचे भांग बघत. नवरा बिद्रीला साखर कारखान्यात आहे. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर तोच मला उचलतो, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीतल्या स्टुलावर. खाली मात्र कधी ठेवत नाही. एकदा म्हटलं, “अहो, मला जरा फरशीवर बसवा.” तर म्हणाला, “फरशी गार हाय. आणि परत उचलताना तुला लागलं म्हंजे?” मी विषय सोडून दिला. तेव्हा मी सगळेच विषय सोडून देत होते.

मी व्यायामाला जायचे त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक नाच बसवणाऱ्या बाई आल्या. त्यांना सहा माणसं हवी होती, तीन धडधाकट आणि तीन आमच्यासारखी. स्टेज नाही, तिकीट नाही, गावात रस्त्यावर नाचायचं. नको म्हणायचाही मला कंटाळा आला, म्हणून मी गेले. दुसरी दोघं म्हणजे कुबडीवर चालणारे एक मास्तर आणि ऐकू न येणारी एक मुलगी. बाईंनी प्रत्येकाला विचारलं, अंगानं काय करावंसं वाटतं. मी म्हटलं, “पडावंसं वाटतं.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी नाच त्याच्याभोवतीच बसवला. मी खुर्ची फिरवत मधे यायचं, ब्रेक लावायचा आणि डावीकडं झुकून खाली पडायचं. आधी कोपर, मग खांदा, मग कूस. मला कुणी उचलायचं नाही. मी तशीच पडून राहायचं, मग हातांवर सरकायला लागायचं, आणि ते बघून बाकीच्यांनी एकेक करून खाली यायचं. पुढचा सगळा नाच जमिनीवर, आणि जमिनीवर माझ्याइतके तयार हात कुणाचेच नव्हते. पहिल्या दिवशी तालमीत मी गादीवर पडले, तर नवरा चपलांसकट हॉलमध्ये धावला आणि माझी कूस टेकायच्या आत मी परत खुर्चीत. बाईंनी त्याला बाहेर पाठवलं. पुढं तो चहाच्या गाड्यावर हॉलकडं पाठ करून बसायचा.

पहिला प्रयोग रंकाळा तलावाच्या काठावर झाला, संध्याकाळी, भेळेच्या गाड्यांपाशी. लोक हसतील किंवा हळहळतील, अशी आमची समजूत. हे कोल्हापूर आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. मी पडले मात्र, चौघं जण अंगावर आले. “उचला की ओ, बघत काय बसलाय?” कुणी बगलेत हात घातला, कुणी पाय धरले, एका बाईनं तोंडावर पाणी मारलं. दुसरीनं नाचणाऱ्यांना फैलावर घेतलं, “बाई पडली आणि तुमी नाचालाय व्हय?”

दुसरा प्रयोग मुरगूडच्या बाजारात. या वेळी बाईंनी आधीच माइकवरून सांगितलं की या मुद्दाम पडणार आहेत, कुणी उचलू नये. लोकांनी माना डोलावल्या. मी पडले आणि माना डोलावणारेच पहिले धावले. “त्यांनी सांगितलं व्हतं की,” एक जण म्हणाला. “सांगंनात,” दुसरा म्हणाला, “माणूस पडलंय.” तिसऱ्याला वाटलं मला फीट आली. त्यानं शेजारच्या ढिगातला कांदा बुक्कीनं फोडून माझ्या नाकाला लावला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

परतताना गाडी नवरा चालवत होता. मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, “आपण पडणं काढून टाकू. तुम्ही खुर्चीतच हातांनी करा काहीतरी.” मी म्हटलं, “पडणं काढायचं असेल तर मलाच काढा.” माझा आवाज इतका चढला की मीच दचकले. बाई म्हणाल्या, मग एकदाच बघू, रंकाळ्यावर.

ठरलेल्या संध्याकाळी रंकाळ्यावर पुन्हा तेवढीच गर्दी होती. मी ब्रेक लावला तेवढ्यात नवरा गर्दीतून पुढं आला. मला वाटलं, हा आता खुर्चीच घेऊन जाणार. तो माझ्याकडं पाठ करून लोकांसमोर उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. मी झुकले आणि पडले.

दिवसभर तापलेला दगड गालाला लागला. लोक पुढं सरकले. “पावणं, मागं सरा,” नवऱ्याचा आवाज आला.

“अवो, पडली की ती.”

“व्हय. पडू द्या.”

कुणीच आलं नाही. आणि मग मला भीती वाटली. खरीखुरी, छातीत धडधडणारी. आता मला कुणी उचलणार नाही. अपघातानंतर एवढ्या दिवसांत मला काही वाटलं ते हे, आणि ते मला कुणाला द्यायचं नव्हतं.

एक म्हातारी नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. “कोण हाय तुमची ती?”

“बायको.”

“बायकू पडल्या आणि अडवून हुबा ऱ्हायलाय? डोस्कं फिरलंय व्हय तुमचं?”

त्याचे पसरलेले हात मला खालून तसेच दिसत होते. “तिला पडायचं हाय, आज्जी,” तो म्हणाला. “मलाच बघवंना झालंय.”

त्यानं मान वळवली नाही. मी कोपर टेकलं आणि सरकायला लागले.