रवीला दिलेली किडनी

रवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरला, शाळेत शिकवत होते. त्याची बायको सुनीता एवढंच म्हणाली, "ताई, गेले हो हे." त्याच्या गावी, जानेफळला पोचले तर अंगणातल्या बाया सरकून मला वाट देत होत्या... भावाला किडनी देणारी बहीण म्हणून. मला मान वर करवेना.

रवी माझा धाकटा भाऊ. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा, हातांना कायम वार्निशचा वास. त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि घरात फक्त माझी जुळली. गावानं माझा सत्कार केला, मीही तो मिरवला.

दीडेक वर्षानं त्याच्या मानेत गाठ आली. ती तो रुमालाखाली झाकत राहिला. शेवटी तपासणीत लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं. एक विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत जन्मभर झोपून राहतो. रवीला तो कधी झालाच नव्हता. माझ्यात होता, किडनीबरोबर त्याच्यात गेला. किडनी टिकावी म्हणून गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली होती, त्यामुळे विषाणूला मोकळं रान मिळालं. ही शक्यता त्यांनी आधी सांगितली होती, तेव्हा ती आम्हाला फार लांबची वाटली. यात कुणाचा दोष नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मला मात्र चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "गाठ काऊन लपवली रे?"

"दवाखान्यात एकानं सांगतलं होतं, गाठ आली का गोया कमी करतात," तो म्हणाला. "मंग तुई किडनी गेली असती, ताई. तुनं आंगातून काढून देल्ली, मी कशी वाया जाऊ देऊ?"

गोळ्या कमी केल्या, केमो दिली... पण उशीर झाला होता. खरं कारण त्यानं गावात कुणाला कळू दिलं नाही. भेटायला येणाऱ्यांना सांगायचा, ताईमुळे एवढे दिवस तरी मिळाले. मी शेजारी बसून ते ऐकून घ्यायची.

रोज सकाळी त्याचा फोन यायचा. मी आता एकाच किडनीवर, म्हणून विचारायचा, "पानी पेली का?" अजूनही त्या वेळेला मी ओट्यापाशी जाऊन तांब्याभर पाणी पिते. धडधाकट आहे मी. तो विषाणू माझ्यात आहेच, निवांत झोपलेला. मला त्यानं कधी साधा तापही आणला नाही.