सासऱ्यांचं दुखणं आणि पडद्यावरचा कारकून

माझ्या सासऱ्यांना मी एकदा मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं, तेही दोन दिवसांच्या रजेसाठी. त्यांना स्वतःला याची काहीच कल्पना नव्हती. मी अर्ज लिहीत होतो त्या घटकेला ते बेळगावजवळच्या आपल्या येळ्ळूर गावी खळ्यावर भाताची पोती उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकत होते.

झालं होतं असं की येळ्ळुरात एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं होतं. आप्पांचा (म्हणजे सासऱ्यांचा) फोन आला. "पावणं, पिच्चरवाल्यास्नी हापिसातला माणूस पायजे म्हणं. मी सांगितलं, आमचा जावई बेळगावात बावीस वर्सं हापिसात हाय. उद्या या."

मी बेळगावात एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कारकून. आमचे वरिष्ठ हिरेमठ सर म्हणजे देवमाणूस, पण खोटं बोललेलं त्यांना खपत नाही. आदल्या वर्षी मी पाय मुरगळल्याची रजा काढून मावसभावाच्या वरातीत नाचलो होतो आणि ती वरात नेमकी सरांच्या घरावरून गेली. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "मोरे, परत असं झालं तर संस्थेच्या चिकोडीच्या शाळेत पाठवतो." चिकोडी गाव चांगलं आहे, पण माझी बायको सुनंदा बेळगावात शिक्षिका, लेक दहावीला, आणि रोजचा जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास माझ्या कमरेला झेपणारा नाही. म्हणून यावेळी मी स्वतःच्या पायाला हात लावला नाही. अर्जात लिहिलं, 'सासरे अत्यवस्थ.'

सरांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "अय्यो, होग्री होग्री, जावा तुम्ही," ते म्हणाले. "काम राहू दे. माणूस महत्त्वाचा की नी." मला त्या क्षणी थोडी लाज वाटली होती, पण बस चुकेल म्हणून मी ती आवरती घेतली.

शूटिंगसाठी गावातल्या एका हॉलात कार्यालय उभं केलं होतं. दिग्दर्शक तिशीतला पोरगेला माणूस. म्हणाला, "काका, तुम्ही कारकून आहात. काम करा." मी खुर्ची ओढली, पंख्याचा झोत बघून ती जरा सरकवली, रजिस्टर उघडलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"कट. काका, काम करा ना."

"करतोय की."

"हे काम आहे?"

"बावीस वर्षं हेच करतोय."

पाचव्यांदा कट झाल्यावर त्याने मला सात फायली काखेत दिल्या आणि टेबलांमधून पळायला लावलं. एका मुलीने बाटलीतून माझ्या कपाळावर घाम शिंपडला. "धावत्या जगात पिचलेला माणूस दिसला पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला. आता असं आहे, माझ्या कार्यालयात मी कुणाला पळताना पाहिलेलं नाही. एकदा कपाटातून धामण निघाली होती, तेव्हाही आम्ही आधी कपाटाची किल्ली कुणाच्या ताब्यात असते यावर बोललो होतो. पण सिनेमात बहुधा सगळे असंच काम करतात. मी पळालो.

तिकडे पारावर आप्पांची वेगळीच गत झाली होती. त्यांना 'निवांत गावकरी' केलं होतं. सिनेमातल्या खेड्यात म्हातारी माणसं दिवसभर पारावर बसून असतात. आमचे आप्पा बहात्तर वर्षांत जेवायला सोडून बसलेले नाहीत.

"आजोबा, काही करू नका, नुसतं बसा."

"नुसतं म्हंजे नेमकं काय करू?"

"काहीच नाही. आराम करा."

आप्पांनी दोन मिनिटं आराम केला. मग ते पारावरचं गवत उपटू लागले. ते बंद केलं तर कुणाच्या तरी बैलाचं दावं सारखं करायला उठले. शेवटी दिग्दर्शकाने हात टेकले आणि त्यांना जत्रेच्या गाण्यात टाकलं. हातात लेझीम आली आणि आप्पांचा जीव भांड्यात पडला. सगळ्यात पुढे राहून त्यांनी अशा उड्या मारल्या की नायकाला दोनदा बाजूला व्हावं लागलं.

दोन दिवसांनी मी कामावर आलो तेव्हा सर दारातच उभे होते. हातात प्रसादाची पुडी. "मोरे, कपिलेश्वराला अभिषेक केला तुमच्या सासऱ्यांसाठी. कसे आहेत?"

मी पुडी कपाळाला लावली. "सुधारणा आहे, सर."

ती सुधारणा पुढे पाच महिने संपली नाही. सर दर सोमवारी विचारायचे आणि मी दर सोमवारी आप्पांना थोडं थोडं बरं करायचो. कधी उठून बसवलं, कधी भाताची पेज पाजली. एकदम बरं केलं असतं तर संशय आला असता. सुनंदाला मी सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्या बापाला मारताना मला विचारायचं तरी होतं."

मे महिन्यात सिनेमा लागला. पोस्टर दिसलं तेव्हापासून मी त्या रस्त्याने जायचं सोडलं. आणि त्याच आठवड्यात सरांनी जाहीर केलं की यंदा स्टाफची सहल म्हणजे सिनेमा. आपल्या भागात काढलाय, सगळ्यांनी मिळून बघायचा.

मी उठून उभा राहिलो. "सर, गोकाकचा धबधबा बघूया की."

"मेमध्ये?" सर म्हणाले. "दगडं बघायला?"

त्या शनिवारी मला खरोखर ताप होता. थर्मामीटर दाखवला असता, पण माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवील असा माणूस बेळगावात उरला नव्हता. थिएटरात मी मागच्या रांगेत शिरलो, तर सरांनी हाताला धरून शेजारी बसवलं. "मोरे, हितं या."

अर्ध्या तासाने पडद्यावर मी आलो. सात फायली, कपाळावर घाम, आणि टेबलांमधून पळतोय. सगळा स्टाफ वळून माझ्याकडे बघायला लागला. सर मात्र पडद्याकडेच बघत होते. सर वळले नाहीत याचीच मला जास्त भीती वाटली.

मग लेझमीचं गाणं लागलं. माझ्या मनात एवढाच आधार होता की सरांनी आप्पांना कधी पाहिलेलं नाही. ते उड्या मारणारा म्हातारा म्हणून बघतील आणि विसरतील. तेवढ्यात पुढच्या रांगांतून खणखणीत आवाज आला, "त्यो बघा, मी." आप्पा पन्नास येळ्ळूरकरांना टेम्पोत घालून त्याच खेळाला आले होते.

मध्यंतर झालं. मी खाली वाकून चपला शोधत होतो. (त्या पायातच होत्या.)

"पावणं, तुमी बी हितंच?"

सर उठले. "हे कोण, मोरे?"

"काका. चुलत सासरे," मी म्हणालो.

"चुलत कुठला," आप्पा म्हणाले. "सख्खा. आमच्या सुनंदाचा बाप. ह्यांस्नी सासरा मी एकच हाय."

सरांनी आप्पांना टकलापासून वहाणांपर्यंत न्याहाळलं. मग हळूच विचारलं, "तब्येत कशी हाय, मामा?"

"तब्येतीला काय धाड भरलीया. उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढलो न्हाय मी."

सरांनी आप्पांना हात जोडले आणि खाली बसले. उरलेला सिनेमा मी पाहिला नाही. डोळे पडद्याकडे होते, पण मला दिसत होतं चिकोडीचं बसस्टँड.

सोमवारी सकाळीच बोलावणं आलं. मी आत गेलो आणि ते काही विचारायच्या आत सांगून टाकलं. "सर, खोटं बोललो. तुम्ही अभिषेक केलात आणि मी प्रसाद खाल्ला. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही." हे मात्र अक्षरशः खरं होतं.

सरांनी समोरची फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बावीस वर्षांत तुम्हाला काम करताना मी परवा पहिल्यांदा बघितलं. तेही तिकीट काढून."

सरांनी फोन पुढ्यात ओढला.

"मी बोललो होतो की नी? चिकोडीला पाठवतो म्हणून. बोललो ते करायला पाहिजे." त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोरच चिकोडीच्या मुख्याध्यापकांना लावला. कन्नडमध्ये बोलणं सुरू झालं. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. लेकीला काय सांगायचं, सुनंदाला कसं तोंड दाखवायचं, काही सुचेना. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सर थबकले, माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ सावकाश उत्तर देत राहिले. मला कन्नड चांगलं कळतं. त्या दिवशी कळलं नसतं तर बरं झालं असतं.

फोन खाली ठेवून सर म्हणाले, "त्यांनी विचारलं, माणूस कामाला कसा आहे. मला खोटं बोलता येत नाही, मोरे."

"मग?"

"नको म्हणाले ते."

मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. छाती थोडी फुगली होती, हे कबूल करायला हवं. लोक बदली टाळायला वशिले लावतात, पार बेंगळूरपर्यंत जातात. माझी बदली निव्वळ माझ्या लौकिकावर टळली.