ताईच्या अंगाची ओल

माझी मोठी बहीण जन्मली तेव्हा इतर बाळांसारखीच मऊ होती, असं आई सांगायची. पहिल्या हिवाळ्यात तिच्या नडग्यांवर बारीक पांढरे खवले आले आणि ते पुन्हा कधी गेलेच नाहीत. मला आठवते ती ताई शाळेत जाणारी. तिच्या पाठीवरून हात फिरवला की खरखर आवाज यायचा. थंडी पडली की टाचा आणि कोपरं फाटायची, परकराच्या काठाला रक्ताचे डाग पडायचे.

कामरगावात आमचं किराण्याचं दुकान होतं. तेलाला तोटा नव्हता. आई रोज सकाळी करडीचं तेल तिच्या कोरड्या अंगावर चोळायची. दुपारपर्यंत अंग चिकट व्हायचं, पण कातडी आतून ताणल्यासारखी वाटायची ते काही जायचं नाही. ताई सारखी खाजवायची. एकदा शेजारच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "काहो, हे लागण होनारं तं नाई ना? आमची पोरगी इच्याजवळ बसते."

"मी रोज इचं आंग चोळून राह्यली," आई म्हणाली. "मले झालं काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलगी शाळेत दुसऱ्या रांगेत बसू लागली.

कोणीतरी सांगितलं म्हणून आईने ग्लिसरीन आणलं आणि तसंच दाट लावलं. तो उन्हाळा होता. ताई किंचाळत न्हाणीत पळाली. मग मात्र आई-बाबा तिला कारंज्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मीही हट्टाने बरोबर गेले होते.

बाईंनी ताईचे हात उजेडात धरून पाहिले. "हे जन्माचं आहे," त्या म्हणाल्या. "कातडी विटांच्या भिंतीसारखी असते. विटांमध्ये चुना असतो ना, तशी कातडीत चरबी असते. तुमच्या मुलीचा तो चुनाच कमी आहे. म्हणून आतलं पाणी उडून जातं."

"तेल तं रोज लावतो," आई म्हणाली.

"तेल पाणी देत नाही. ते फटी भरतं, अंग मऊ करतं आणि असलेलं पाणी थोडंफार अडवतं. पण तुम्ही लावता तेव्हा अडवायला पाणी कुठे असतं? आणि ग्लिसरीन पाणी ओढतं. हवेत ओल असली तर तिथून ओढेल. आपल्या उन्हाळ्यात हवेत ओल कुठली? मग ते हिच्याच अंगातलं पाणी वर ओढतं, आणि तेही उडून जातं. त्यात भेगा असल्या तर झोंबणारच."

मग त्यांनी क्रम सांगितला. कोमट पाण्याने आंघोळ, साबण अगदी थोडा. अंग खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. ओलं असतानाच पाणी घातलेलं ग्लिसरीन लावायचं, आणि लगेच वरून मलमाचा पातळ थर, म्हणजे आलेलं पाणी बाहेर जाणार नाही. त्यांनी आधी लोकरीच्या चरबीचं मलम काढलं, तसा आईने हात मागे घेतला. आम्ही जैन. बाई समजल्या. त्यांनी दुसरी बाटली काढली. "हे जमिनीतून निघणाऱ्या तेलाचं आहे. चालेल?"

निघताना ताईने विचारलं, "कधी बरं होईन?"

"बरं होणार नाही, बाळ. बरं ठेवावं लागेल."

बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. पण महिनाभरात तिच्या टाचांच्या भेगा मिटल्या. पाठीला तिचा हात पोचायचा नाही, तेवढं काम माझ्याकडे आलं. ती न्हाणीतून ओलीच हाक मारायची, "ये लवकर, वाळून राह्यलं!" आणि मी हातातलं टाकून धावायची.

पुढे काही वर्षांनी केनवडचे पाहुणे तिला बघायला आले ते श्रावणात. पावसाळी हवेत तिचं अंग तसंही नितळ असायचं. बाबांनी मात्र काही लपवलं नाही. "थंडीत इचं आंग कोरडं पडते. रोज औषध लावा लागते."

"थंडीत कोनाचं पडत नाई?" होणारे सासरे हसले. ताईसुद्धा हसली. लग्न झालं.

सासू वाईट नव्हती. पहिल्या हिवाळ्यात तिने ताईसाठी स्वतः पाणी तापवलं. पण विहीर लांब होती, आणि मलमाने गाद्या, चादरी तेलकट व्हायच्या. आल्यागेल्याला हात दिसायचे. ताई पदराखाली हात झाकून वाढायला शिकली. मग मुलगी झाली. बाळंतपण आमच्याकडेच झालं. बाळ लोण्यासारखं होतं. थंडी सुरू झाली तशी एका सकाळी ताईने बाळाच्या नडगीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मला म्हणाली, "तू पाह्य बरं."

मी पाहिलं. तेच बारीक पांढरे खवले होते. ताई रडली नाही. तिने बाळाला कोमट पाण्यात बसवलं.

त्याच दिवसांत सासूबाई तिला न्यायला आल्या. त्यांनी बाळाचे पाय पाहिले आणि मांडीवरून हळूच खाली ठेवलं. "एक होती तं सांभाळून घेतलं," त्या म्हणाल्या. "आता दोन. थंडी सरू द्या, मंग पाहू." थंडी सरली, आणखी एक सरली. कोणी आलं नाही.

भाची चालायला लागली, बोलायला लागली. तेव्हा एका दुपारी ताईचे यजमान, आमचे भाऊजी, आले, एकटेच. दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "पोरीले पाहाले आलो."

ताईने मुलीला पुढे केलं. त्यांनी खाली बसून तिच्या पायाला हात लावला. कातडी मऊ होती. त्यांनी वर पाहिलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. "इचं तं बरं झालं!"

ताई खोटं बोलली असती तर कदाचित त्याच दिवशी त्यांच्याबरोबर गेली असती. मला वाटतं, आईही मनात तेच मागत होती.

"बरं नाई झालं," ताई म्हणाली. "मी रोज करतो म्हणून असं हाये. एक दिवस सोडलं तं पुन्हा तसंच."

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "घरी दुसरं लगन पाहून राह्यले. मले हो म्हना लागलं."

"मंग इथं काहून आले?"

त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला फ्रॉक काढून मुलीच्या हातात दिला आणि बसच्या दिशेने चालू लागले. मुलीने तो तिथल्या तिथे घालायचा हट्ट धरला. ताईने डोक्यातून घालून पाहिला, पण खांद्यापाशीच अडला. तान्ह्या बाळाच्या मापाचा होता. मुलगी रडायला लागली, आणि ताई तिला न ओरडता, शिवण न फाटेल अशा बेताने तिचा एकेक हात त्यातून सोडवत बसली.