मोरीतली राख

आई गेल्यानंतर घरात पहिल्यांदा काही बिघडलं असेल तर ती मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, शहाबादी फरशीची, वीतभर कठडा असलेली. भांडी तिथेच घासायची, हातपाय तिथेच धुवायचे. एका सकाळी तिच्यातलं पाणी उतरेना. जाळीवर करडं पाणी साचून राहिलं आणि त्यात भाताची शितं फिरत राहिली. मी ती बराच वेळ बघत उभी होते. त्या दिवसांत मी कशाकडेही बराच वेळ बघू शकत असे.

आम्ही संगमनेरजवळ एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. बाबा कारखान्याच्या ऑफिसात होते. नगरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून मी पुण्याला कॉलेजात गेले होते. आईच्या आजारपणात होस्टेलवरून घरी आले ती परत गेलेच नव्हते. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि मागे राहिली ती फक्त आत्या. बाबांची थोरली विधवा बहीण, जामखेडची. तिचं घर आता सुनांच्या हातात होतं. "मी हाय हितं. पोरीला तिच्या शाळंत धाड," असं तिने बाबांना सांगितलं होतं. कॉलेजला ती शाळाच म्हणायची. बाबा हो म्हणाले. टर्म सुरू झाली होती, सोमवारी मी निघायचं ठरलं. आत्या राहिली तरच मला जाता येणार, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. बाबांना चहासुद्धा करता येत नसे, त्यामुळे ते सांगायची गरज नव्हती.

आत्याशी माझं फारसं बोलणं होत नसे. तिच्यासमोर माझं मराठी पाठ्यपुस्तकातल्यासारखं बाहेर यायचं आणि ती पदराआड हसायची. म्हणून मी नुसती बघत बसे. आई भांडी सोड्याने घासायची आणि वरून भरपूर पाणी ओतायची. आत्याला सोड्याचा वास खपत नसे. अंघोळीच्या बंबाखालची राख ती चाळून डब्यात भरून ठेवी. नारळाच्या शेंडीने भांडं जवळजवळ कोरडंच घाशी, फडक्याने पुसून घेई आणि मग तांब्याभर पाण्यात सगळी भांडी विसळून काढी. दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं, तेही बारीक धारेने. शेजारच्या बायका आत्याची पितळी भांडी बघायला येत आणि एवढ्याशा पाण्यात ही लखलखतात कशी, असं विचारत. आत्या खूश होई. आमच्या घरात तिला खूश होण्यासारखं तेवढंच होतं.

मोरी तुंबली त्या सकाळी बाबांनी बांबूची कामटी जाळीतून खाली घालून बघितली. ती थोडी आत गेली आणि अडली. त्यांनी जोर लावला तेव्हा मोडली. ऑफिसला उशीर होत होता. ओले हात टॉवेलला पुसत ते म्हणाले, "ती होती तेव्हा मोरी कधी तुंबली नाही."

ते कुणाला टोचून बोलले नव्हते. आईबद्दल त्यांनी आपणहून काढलेलं ते बहुधा पहिलंच वाक्य होतं. पण आत्या मागे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. बाबा बाहेर पडल्यावर तिने तवा उतरवला आणि म्हणाली, "उद्याच्या यस्टीनं जाते मी. मला न्हाई जमत हितलं."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि लुगडी गाठोड्यात बांधायला लागली.

मला होस्टेलमधली माझी खिडकीजवळची कॉट आठवली. ती आता दुसऱ्या मुलीला मिळेल, असं मनात आलं. हा विचार दुसऱ्याच कुणाबद्दल केल्यासारखा आला आणि गेला. पण मी उठले. कॉलनीच्या मेस्त्रीला निरोप दिला, तर तो परवा बघू म्हणाला. तेव्हा मी कपडे वाळत घालायची तार सोडली आणि घराच्या मागच्या बाजूला गेले.

मोरीचा पाइप भिंतीतून जमिनीखाली उतरून मागच्या गटारात निघत असे. त्याच्या तोंडातून थेंब थेंब पाणी येत होतं. तारेचं टोक वाकवून मी आकडा केला आणि आत सारला. वरून ढकललं तर आत अडकलेलं आणखी घट्ट बसत होतं, सकाळी तेच झालं होतं. म्हणून खालून ओढायचं. पहिल्यांदा शेंडीचे धागे आले. मग ओल्या सिमेंटसारखा एक करडा गोळा.

आत्या केव्हातरी मागे येऊन उभी राहिली होती.

"विंग्रजी शाळंत ह्ये शिकिवत्यात व्हय?"

"नाही."

"मग हळू वढ. तार तुटंल."

ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. थोड्या वेळाने तिने तार माझ्या हातातून घेतली, पिळून पुन्हा आत घातली आणि मला बंबातलं गरम पाणी वरून ओतायला पाठवलं. मी ओतलं, पाणी तसंच राहिलं. पुन्हा ओतलं. मग जाळीतून मोठा बुडबुडा आला आणि सगळं पाणी एकदम गुडगुडत खाली गेलं. बाहेर येऊन बघितलं, तर आत्याचे पाय घोट्यापर्यंत करडे झाले होते आणि ती हातातला गोळा बोटांनी चुरत होती.

"ही माजी राख हाय," ती म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. जामखेडच्या घरी मोरीला नळी नाही, भिंतीला भोक आहे. पाणी सरळ बाहेर दोडक्याच्या वेलाखाली पडतं आणि राख वेलाला मानवते. नळीत राख बसते, तिला पाण्याने पुढे रेटावं लागतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

गोळा गटारात टाकून तिने हात मातीला पुसले. मग म्हणाली, "तुजी आई हांडाभर पानी वतायची. मागं आलते तवा मी तिला बोलले, पानी उधळती म्हनून. ती काईच बोलली न्हाई."

मी तिच्या पायांवर पाणी घातलं. तिने पाय एकमेकांवर घासून धुतले.

संध्याकाळी बाबा आले, मोरीत हात धुतले आणि काय अडकलं होतं म्हणून विचारलं. मी कचरा म्हणणार होते.

"राख हुती," आत्या म्हणाली. "माजी."

पाणी पूर्ण उतरेपर्यंत बाबा जाळीकडे बघत राहिले. दाराशी ठेवलेलं गाठोडंही त्यांना दिसलं असावं.

"आक्का, चहा टाकतेस का?" ते म्हणाले.

आत्याने चहा टाकला. साखर नेहमीसारखी जास्तच होती. कप विसळून झाल्यावर तिने गाठोडं उचललं, आत नेलं आणि लुगडी एकेक करून दांडीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने मागच्या पपईच्या झाडाखाली एक सपाट दगड मांडला आणि भांडी तिकडे नेली. "पपईला राख बरी," एवढंच म्हणाली. त्यानंतर मोरीत कुणी भांडी घासली नाहीत.

सोमवारी निघण्याआधी मी हात धुवायला तिथे गेले. फरशी कोरडी होती. कठड्याला आतून करडी रेघ उमटली होती, पाणी साचलं होतं तिथवर. आई तिथे पाट टाकून बसायची. मी तांब्याभर पाणी ओतलं. ते लगेच गेलं. मागून शेंडीचा खरखर आवाज येत होता. काहीतरी वाटेल म्हणून मी तशीच थांबले. मग बाहेरून बाबांनी सायकलची घंटी वाजवली.