शांतम्मांचं निळं कमळ

“फूल द्यावं, कंद देऊ नये,” असं शांतम्मा येता-जाता म्हणायच्या. आमच्या पिंगळीत त्यांचं फूल न गेलेलं घर शोधून सापडायचं नाही, आणि कंद मिळालेलं घर तर नव्हतंच.

लग्न होऊन आल्या तेव्हा उदगीरकडच्या माहेराहून त्यांनी ओल्या पंच्यात गुंडाळून निळ्या कमळाचा एक कंद आणला होता. अंगणातल्या हौदात त्याचा वंश वाढला. उन्हाळा तोंडावर आला की त्या कंद वर काढत, विळीवर चिरत, चिरेला चुलीतली राख लावत. फुटक्या घमेल्यात काळी माती भरून, कोंब तेवढा उघडा ठेवून वर खडे पसरत. घमेलं आधी विटांवर, उथळ पाण्यात. पानं वाढतील तशी एकेक वीट काढायची. उरलेले कंद उकिरड्यावर टाकण्याआधी त्यांचे कोंब नखानं खुडत. कुणी उचलून नेलं तर?

नवरा गेल्यावर हौद आणि शेजारची मनकर्णाबाई, एवढंच जवळचं उरलं. सोमवारी महादेवाची फुलं, हौदातल्याच एखाद्या जुन्या रुंद पानात बांधून, भिंतीवरून मनकर्णाबाईच्या हातात जायची. तिकडून ताकाचा तांब्या यायचा.

यंदा एका सकाळी भिंतीपलीकडं, मनकर्णाबाईच्या तुळशीमागच्या जुन्या टाक्यात, त्यांना तेच निळं फूल उघडलेलं दिसलं. आभाळाचा तुकडा पडावा तसं.

त्या दिवशी शांतम्मांनी ताकाचा तांब्या परत पाठवला. घमेल्यातल्या मातीत बोटं घालून एकेक कंद चाचपला. काही गेलं नव्हतं, तरी वाटलं, तुकडा कापून नेला असेल, चीर लिंपून टाकली असेल. हौदाभोवती बाभळीच्या फांद्या पडल्या. मनकर्णाबाई हसली तरी ते हसू त्यांना चोराचं वाटू लागलं.

सोमवारी भिंतीवरून हाक आली. “आक्का, आज फुलं न्हाईत का?”

“तुझ्या टाक्यात हायत की. मला कशाला मागायलीस?”

“ते आपसूक उगवलंय हो.”

“आपसूक गाजरगवत उगवतंय. डोळ्याच्या आपरेशनला परभणीला गेले, तवा चावी कुणाकडं होती?”

मनकर्णाबाईचा चेहरा उतरला. “म्हंजी मी चोर? घरी आल्यावर तुमच्या डोळ्यांत थेंब कुणी घातले, आक्का?”

“घातलेस. म्हणून तर आत शिरायला मिळालं.”

“चला महादेवापुढं. पिंडीवर हात ठेवून सांगते.”

“शपथ खोटी बी घेतात लोक. रोप उपट. माझ्या विळीची चीर मला कळती.”

“उपटते. चीर निघाली तर ह्या भिंतीपाशी पुन्ना तोंड दावणार न्हाई. न्हाई निघाली तर?”

शांतम्मा भिंतीला वळसा घालून टाक्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

मनकर्णाबाईनं पदर खोचला, पाण्यात उतरली आणि रोप गाळासकट वर काढलं. मुळ्यांच्या दाढीत बोराएवढा कंद. चीर नाही, राख नाही. खाली काळं पडलेलं, कुजकं पान, आणि देठ जिथं पानाला मिळतो नेमकं तिथून रोप निघालेलं.

शांतम्मांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. जुन्या पानावर त्या जागी हिरवी गाठ येते, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पान म्हातारं झालं असं समजून गावभर जाणारी फुलं बांधायला त्या नेमकं तेच काढायच्या.

“देवाच्या फुलांचं पान,” मनकर्णाबाई हळू म्हणाली. “पायदळी येऊ ने म्हणून टाक्यात सोडत होते मी.”

शांतम्मांनी वाकून रोप पुन्हा गाळात बसवलं, अंगठ्यानं चेपलं. “वरून खडे टाक,” म्हणाल्या. मग उठता उठता, “आन् ताक पाठव.”

मनकर्णाबाई खडे आणायला वळली.

शांतम्मा निघाल्या, त्या घराकडं नाही. चिखलाचे हात लुगड्याला पुसत गल्लीनं चालल्या. माणिकरावांच्या भिंतीपाशी थांबल्या, टाचा उंचावून आतल्या हौदात डोकावल्या. पुढच्या दारातही तेच. मग देवळाच्या विहिरीकडं वळल्या. ओंजळीत खडे घेऊन, ओल्या लुगड्यानं उभी मनकर्णाबाई त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली.