वरच्या मजल्याचं कुलूप

आई गेल्यावर आबांनी वृद्धाश्रम स्वतःच निवडला. मी सांगलीत शाळेवर, भाऊ फौजेत, गावाकडचा ऊस वाटेकऱ्याकडे. "तुझ्या दोन खोल्यांत मी काय करू? चार मानसांत ऱ्हाऊ दे मला," म्हणाले. पाटणच्या अलीकडे एक जोडपं आपल्या दुमजली घरात तो आश्रम चालवायचं. खाली हिंडतीफिरती माणसं, वर अंथरुणाला खिळलेली आणि विसरायला लागलेली. जोडपं मनानं चांगलं होतं. बाई स्वतः भाकरी थापायच्या आणि गरम वाढायच्या.

तिथं आबांना एक दोस्त मिळाला. कवठे महांकाळच्या बाजारात जन्मभर बांगड्या विकलेले चाचा. अर्धांगानं त्यांची डावी बाजू गेली होती, म्हणून खाट वर. रोज सकाळी आबा आणि तिथला एक कामवाला त्यांना धरून अंगणात आणायचे. आबा सियाचीनच्या गोष्टी सांगायचे. चाचा सांगायचे, कुठली बाई घासाघीस करते आणि कुठली नुसता हात पुढं करते. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, चाचाही त्यांना हवालदारच म्हणायचे. मी गेले की दोघांसाठी भडंग न्यायचे. आबांना इतकं हसताना मी आई असतानाही फारसं पाहिलं नव्हतं.

वर जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या टोकाला लोखंडी जाळीचं दार होतं. मागं एकदा वरचे एक आजोबा सगळे झोपलेले असताना रस्त्यावर गेले आणि थेट एसटीत बसले. तेव्हापासून दुपारी आणि रात्री त्या दाराला कुलूप लागायचं.

एका दुपारी भूकंपाचा धक्का बसला. कोयनेच्या त्या पट्ट्यात धक्का काही नवा नाही. भांडी वाजतात, माणसं बाहेर येतात, परत आत जातात. खालचे सगळे अंगणात आले. किल्ली बाईंच्या कमरेला आणि बाई गिरणीत. चाचा जमिनीवरून सरकत जाळीपर्यंत आले होते. आबा जिना चढून गेले आणि बाहेरून दार हलवत राहिले. बाई धावत आल्या, कुलूप निघालं, कुणाला काही झालं नाही. पण फोनवर आबा म्हणाले, "चाचा वरडला न्हाई गं. नुस्ता माज्याकडं बगत व्हता."

पुढं जिल्ह्याच्या कार्यालयातून तपासणी आली, एक मॅडम आणि त्यांच्यासोबत एक साहेब. तपासणीची खबर आधीच लागलेली, त्यामुळं खाटांवर नव्या चादरी होत्या आणि जाळीचं दार सताड उघडं. शाळेला सुट्टी असल्यानं मीही तिथंच होते. मॅडम शांतपणे एकेकाला विचारत होत्या. जेवण कसं आहे, काही त्रास आहे का. सगळे म्हणत होते, लय चांगलं हाय, कसला तरास न्हाई.

"आबा, तुमची काही तक्रार?"

"तक्रार न्हाई मॅडम. एक सांगायचं हाय," आबा उभे राहून म्हणाले. "वरच्या दाराला दुपारचं आन् रातचं कुलूप असतंय. धक्का बसला तवा मानसं आत अडकली व्हती. दुसरा जिना करा म्हनावं, न्हाईतर वरची मानसं खाली घ्या. एवढंच."

बाई पदराला हात पुसत तिथंच थांबल्या. मॅडमनी आबांचे आभार मानले आणि वर जाऊन सगळं पाहिलं.

नंतर कळलं, वरच्या मजल्याला परवानगीच नव्हती. तो रिकामा करा, दुसरा जिना बांधा, मग बघू, अशी नोटीस आली. जोडप्यानं थोडी धडपड केली, पण निम्मी माणसं गेल्यावर आश्रम चालेना. शेवटी तो बंद झाला. एका आजींच्या लेकीनं मला फोन केला, "तुमच्या वडलांना गप्प बसता आलं नसतं का?"

चाचांना त्यांच्या पुतण्यानं कवठे महांकाळकडच्या दुसऱ्या आश्रमात नेलं. आबा माझ्याकडं आले. दोघांना एका ठिकाणी ठेवता येईल का, हे विचारायला त्यांनी मला मॅडमना फोन करायला लावला. मॅडमना खरंच वाईट वाटलं. "ताई, आमच्याकडं जागा तपासायचं काम आहे. माणसानं कुठं जायचं ते घरचे ठरवतात," म्हणाल्या.

आम्ही चाचांना भेटायला गेलो. जागा स्वच्छ होती. दोन जिने, भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी, सगळं नियमाप्रमाणं. चाचा वाळले होते, जीभ जड झाली होती.

"हवालदार, हितं दार उघडंच असतंय," ते म्हणाले. "पर उठवून भाईर न्यायला कोन न्हाई."

आबा त्यांचा हात धरून बसून राहिले. परतीच्या एसटीत एवढंच बोलले, "मला कुलूप काढायचं व्हतं. घर मोडायचं न्हवतं."

चाचा गेल्याचं पुतण्यानं दफनानंतर कळवलं. आबा त्यांच्या मातीला जाऊ शकले नाहीत, याची रुखरुख मला आजही आहे. मी त्यांना एकदा विचारलं, तेव्हा बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का?

"परत इचारलं तर परत तेच सांगीन," म्हणाले. "पर आधी चाचाला इचारून."