पाऊण तासाचा रस्ता

त्या साली मी पहिल्या बाळंतपणासाठी मळवलीला माहेरी आले होते. लढाई नुकतीच संपली होती. थोरली बहीण मुंबईला नर्स होती. तिचं पत्र आलं की एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन ती पुण्याला निघाली आहे, तेही विमानाने. 'जुहूहून दहाला निघू. पुण्याला पाऊण तास लागतो. साडेदहाच्या सुमाराला तुमच्या डोक्यावरून जाईन, बाहेर येऊन बघा.'

आमचे वडील, आबा, स्टेशनावर सांधेवाले होते, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. रुळांवरचा मैल न् मैल त्यांच्या पायाखालचा.

"डाकगाडीला तीन-चार तास लागत्यात," ते म्हणाले. "ह्ये पाऊण तासात कसं जातंय?"

त्या सकाळी ढग अगदी खाली उतरले होते. लोहगडाचा माथा दिसत नव्हता. आई आणि मी भाताच्या बांधावर उभ्या होतो. स्टेशनच्या घड्याळात साडेदहा झाल्यावर आबांनी फलाटावरून हात हलवला. थोड्या वेळात घरघर ऐकू आली, पण दिसेना काहीच. आवाज गडाकडे गेला, परत आमच्या डोक्यावर आला, पुन्हा गडाकडे वळला. आणि एकाएकी बंद झाला.

"गेलं का पुढं?" आईने विचारलं.

"गेलं असंल," मी म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी तारेने पुण्याला विचारणा केली. बाराच्या सुमाराला उत्तर आलं की विमान उतरलेलं नाही. आबांची पाळी तेव्हाच संपली. त्यांनी घरून घोंगडी आणि दोर घेतला.

"कुटं निघाला?" आईने विचारलं.

ते गडाच्या वाटेला लागले. घोंगडी कशाला, ते आम्हा दोघींना कळलं. आई चुलीपुढे बसली, पण चूल पेटवली नाही. "तिला मुंबईला धाडली ते माझंच चुकलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मला घरात बसवेना. पाचच्या गाडीला मी फलाटावर होते, आणि मुंबईकडून आलेल्या त्या गाडीतून बहीण उतरली. मी तिचा दंड घट्ट धरला.

"ढगात वाट सापडेना, म्हणून विमान माघारी नेलं," ती म्हणाली. "बाईंना घरी सोडलं आणि मिळाली ती गाडी धरली." मग हळूच म्हणाली, "कडा इतका जवळ आला होता की त्याच्यावरचं गवत हलताना दिसलं मला."

आबांना बोलवायला दोन माणसं पाठवली, पण त्यांची चुकामूक झाली. दिवेलागणीला आबा एकटेच परतले. गुडघे खरचटलेले, अंगभर चिखल. दारात बहीण उभी होती. तिला पाहून ते ओट्यावरच बसले.

"भाजे, पाटण, समद्या वाड्यांत इचारलं," ते म्हणाले. "कुनी कायबी बघितलं न्हवतं."

मग त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं. बहीण शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

आठ दिवसांनी मला मुलगी झाली. बहीण पुढे पुष्कळदा विमानाने गेली, पण आम्हाला कळवायची ते पोचल्यावर.